पाण्यावरचा तवंग, तळातला चिखल : सोलापूरच्या तलावांकाठचे चार दिवस

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा वरच्या आसामात तेलाच्या विहिरींवर नोकरीला आहे. रिगवर, म्हणजे विहीर खोदायच्या यंत्रावर, त्याला ‘मड केमिस्ट’ म्हणतात. विहीर खोदताना आत जो चिखल सतत फिरता ठेवतात, त्याचं वजन, त्याचा घट्टपणा, त्यातला खार सांभाळणं हे त्याचं काम. अठ्ठावीस दिवस रिगवर आणि अठ्ठावीस दिवस घरी, अशी त्याची पाळी असते. यंदा फेब्रुवारीत सुट्टीतले चार दिवस तो माझ्याकडे सोलापूरला आला. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. २०२० पासून आमच्या दोघांच्या फोनवरच्या गप्पा फिरून फिरून एकाच विषयावर येतात : तेलानं नासलेलं गोडं पाणी आणि त्यातले जीव. या वेळी ठरवूनच टाकलं होतं की कुणाकडे जेवायला जायचं नाही, बाजारहाट नाही. चार दिवस आपल्याकडचं पाणी बघायचं.

गुरुवार : कंबर तलाव

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं तो सकाळी उतरला. आंघोळ उरकून कडक भाकरी आणि शेंगाचटणी दह्यात कालवून खाल्ली. “तिकडं सगळं मिळतं मावशी, ही चटणी तेवढी मिळत नाही.” ऊन चढायच्या आत आम्ही विजापूर रोडला पोचलो. पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव असं नाव आहे, पण रिक्षावाल्याला कंबर तलाव म्हटलं की लगेच कळतं.

काठावर उपसून टाकलेल्या जलपर्णीचे ढीग वाळत पडले होते. मधल्या मोकळ्या पाण्यात चांदवे पोहत होते. काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. या पक्ष्याला मराठीत वारकरी असंही नाव आहे, आणि पंढरपूरच्या जिल्ह्यात मला तेच जवळचं वाटतं. उरलेल्या जलपर्णीवर जांभळ्या पाणकोंबड्या लांबलांब बोटं टाकत चालल्या होत्या.

भाच्याचं पक्ष्यांकडे लक्षच नव्हतं. तो काठावर उकिडवा बसला होता. म्हशींच्या खुरांनी झालेल्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं आणि त्यावर सप्तरंगी तवंग होता. मी म्हटलं, “बघ, इथंही तेल.” त्यानं बाभळीची एक काडी मोडून तवंगातून ओढली. तवंग फुटला. पापडाचे व्हावेत तसे कोनाकोनाचे तुकडे झाले आणि वेगवेगळे तरंगत राहिले.

“हे तेल नाही,” तो म्हणाला. “तेल असतं तर काडीच्या मागं वेटोळं घेऊन पुन्हा मिटलं असतं. चिखलातलं लोह वर येतं, त्याच्यावर जगणारे जिवाणू आहेत. त्यांचा हा पापुद्रा. याचं काही वाईट नाही.”

मी किती वर्गांना तलावावर नेऊन असा तवंग दाखवला असेल आणि ‘हे बघा प्रदूषण’ म्हटलं असेल. ती सगळी मुलं आता चाळिशीला आली. त्यांना बोलावून ही काडी दाखवावी असं मनापासून वाटलं.

मग मी त्याला माझ्याकडची गोष्ट सांगितली. आम्ही लहानपणी गिरणीच्या चाळीत राहायचो. पावसाळा आला की मलेरिया खात्याची माणसं खांद्यावर पंप घेऊन यायची आणि गटारात, डबक्यात जळकं ऑइल मारून जायची. दुसऱ्या दिवशी डासांच्या अळ्या तळाशी मरून पडलेल्या दिसायच्या. अळी पाण्यात राहते, पण श्वास हवेतला घेते. शेपटीकडची बारीक नळी पाण्याच्या वर काढून ती उलटी लटकते. वर तेलाचा पातळसा थर आला की नळीचं तोंड बुजतं. डासांपुरतं आम्हाला ते बरंच वाटायचं. पण पाणविंचवाची श्वास घ्यायची तऱ्हाही हीच. पाणभुंगे पंखाखाली हवेचा बुडबुडा धरून बुडी मारतात, त्यांनाही तो भरायला वर यावंच लागतं. पाण्यावर धावणाऱ्या निवळ्या तर पाण्याच्या ताणलेल्या पापुद्र्यावर उभ्या असतात. तेल पसरलं की तो ताण सैल पडतो आणि त्यांचे पाय आत जातात.

“म्हणजे आमच्या विहिरीवर काय होतं ते तू सहाव्या वर्षीच बघितलंस,” भाचा म्हणाला.

संध्याकाळी सिद्धेश्वरांच्या देवळात गेलो. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, होम मैदानावर खांबांचे खड्डे तसेच होते. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून प्रसाद खाल्ला. त्या दिवशी आणखी काही बघायचं राहिलं नव्हतं.

शुक्रवार : हिप्परगा

तुळजापूर रोडनं हिप्परग्याचा तलाव, जुन्या कागदांतला एकरुख तलाव. आदिला नदीला बांध घालून इंग्रजी अमदानीत बांधलेला. १८७१ मध्ये तो पूर्ण झाला. लांबलचक मातीचा बांध, त्यावरून चालताना एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला ज्वारी. हुरडा संपत आला होता.

बांधावर पोचायच्या आधीच रस्त्याकडेच्या एका शेतात बोअरची गाडी लागली होती. टीएन पासिंगची, तमिळनाडूची. हातोड्याचा धडधडाट, केसिंगच्या तोंडातून उसळणारा राखी चिखल, आणि बाजूला टॉवेल डोक्याला गुंडाळून उभा राहिलेला शेतकरी, नजर फक्त त्या चिखलावर. सोलापुरात हे दृश्य इतकं रोजचं आहे की आपण थांबतही नाही. भाचा थांबला. त्यानं ओंजळीत तो चिखल घेतला, बोटांत चोळला.

“आपलं बोअर पाचशे फूट, फार तर हजार. काळा कातळ फोडायचा, पाणी लागलं तर लागलं. तिकडं आम्ही तीन-चार किलोमीटर जातो. तिथं खाली वायू आणि तेल दाबाखाली कोंडलेलं असतं. त्याला खाली दाबून धरायला वरून वजन लागतं. ते वजन म्हणजे आमचा चिखल. त्यात बेंटोनाइट असतं, ही माती पाण्यात फुगते. आणि बराइट असतं. बराइटचा दगड हातात घेतलास तर दचकशील, पाण्याच्या चौपट जड. चिखल हलका पडला की खालचा दाब जिंकतो. मग विहीर उसळते. ब्लोआउट म्हणतात ते हेच.”

“आणि विहीर उसळली नाही तर काही होत नाही?”

तो थोडा वेळ बोलला नाही. बांधावर चढून आम्ही सावलीला बसलो तेव्हा बोलला. ब्लोआउट पेपरात येतं, म्हणाला. रोजचं येत नाही. विहीर खोदून झाली की वापरलेला चिखल आणि खडकाचा चुरा रिगच्या शेजारच्या खड्ड्यात जातो. खड्ड्याला प्लास्टिकचं अस्तर नीट असेल तर ठीक. अस्तर फाटलं असेल, खड्डा काठोकाठ भरला असेल, आणि वर आसामचा पाऊस असेल, तर तो चिखल शेजारच्या ओढ्यात आणि ओढ्यातून तळ्यात जातो. बराइटची पूड पिठासारखी बारीक असते. ती तळावर बसते आणि तळातले किडे, शिंपले, माशांची अंडी यांच्यावर पांघरुणासारखी पसरते. त्याच्यासोबत पारा, कॅडमियम अशा धातूंचे अंशही येतात.

दुसरं म्हणजे पाणी. तेलाच्या विहिरीतून नुसतं तेल येत नाही, सोबत खालचं पाणी येतं. जगाची सरासरी धरली तर तेलाच्या एका पिंपामागं तीन पिंपं पाणी. लाखो वर्षं खडकात कोंडलेलं पाणी आहे ते. पुष्कळ ठिकाणी समुद्राहून खारट. त्यात बेंझीन, टोल्युइन, अमोनिया, बेरियम, कुठं कुठं किरणोत्सारी रेडियमसुद्धा. नीट काम करायचं तर ते पुन्हा खोल विहिरीत कोंबावं लागतं. त्याला पैसा लागतो. म्हणून जगात जिथं जिथं लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं तिथं तिथं ते जवळच्या पाण्यात सोडलं गेलं.

हे ऐकताना मी पिशवीतून माझं सामान काढलं. बारीक विणीची जाळी, स्टीलचं मोठं ताट, भिंग. काठाच्या शेवाळातून जाळी तीनदा फिरवली आणि ताटात उलटी केली. आधी नुसता काळपट चिखल दिसतो. दोन मिनिटं थांबलं की चिखल चालायला लागतो. चतुराची एक अळी पाय ताणून बाहेर आली. दोन गोगलगाई, शेपटीला तीन केस असलेली इवलीशी माशीची अळी, एक लालभडक किडा, आणि भिंगाखाली उड्या मारणारे ठिपके. ते ठिपके म्हणजे जलपिसवा. अंग काचेसारखं पारदर्शक, आतलं हृदय धडधडताना दिसतं. मी मोजायचा प्रयत्न केला, जमलं नाही, इतकं भराभर चालतं. पाठीवरच्या पोकळीत चार हिरवट अंडी होती.

माशाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्यांदा जे खातं ते हेच. जलपिसू एकपेशीय शेवाळ खाते, पिल्लू जलपिसू खातं, पिलाला मरळ खाते, मरळीला बगळा किंवा आपण. आणि खारं पाणी आलं की सगळ्यात आधी जाते ती जलपिसूच. गोड्या पाण्यातल्या जिवांचं शरीर बाहेरच्या पाण्याहून खारट असतं. पाणी आपोआप आत शिरत राहतं. म्हणून गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही, उलट सारखं पातळ मूत्र बाहेर टाकत असतो आणि कल्ल्यांनी पाण्यातलं मीठ वेचून आत घेत असतो. हजारो पिढ्यांनी ही घडी बसवली आहे. बाहेरचं पाणी एका रात्रीत खारट झालं तर ती उलटीपालटी होते. मोठा मासा पळू शकतो. अंड्याला पळता येत नाही.

भाचा भिंगाला डोळा लावून फार वेळ बसला होता. “आमच्याकडं तपासणी होते,” तो म्हणाला, “पण बाटलीत पाणी भरून नेतात. ताट कुणी आणत नाही.”

ताट परत पाण्यात धुऊन टाकलं. सगळे जीव गेले का ते दोनदा पाहिलं.

शनिवार : केत्तूर

रेल्वेनं जेऊर, तिथून वडापच्या जीपनं केत्तूर. करमाळा तालुक्याच्या या कडेला उजनीचं फुगवट्याचं पाणी शेताशेतात शिरलेलं आहे. केळी, ऊस, आणि अचानक रस्ता संपून पाणीच. फेब्रुवारीत पाणी मागं सरकायला लागतं आणि दलदलीचे पट्टे उघडे पडतात. रोहित पक्षी येतात ते याच पट्ट्यांवर.

उजनी १९८० च्या सुमाराला पुरी झाली. धरणात काठोकाठ ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त, जवळपास ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. कालव्याच्या तोंडाखालचं पाणी. उन्हाळ्यात सोलापुरातला पोरगाही विचारतो, “धरण मायनस झालं का?” ते मायनस म्हणजे या मृतसाठ्याला हात लागला. ते पाणी वाहून जायचं म्हणून जात नाही. पुण्याकडून मुळा-मुठेतून भीमेत जे काही येतं ते इथं येऊन बसतं. आणि सोलापूर शहर पितं ते याच धरणाचं पाणी. ही वस्तुस्थिती मनात ठेवूनच मी भाच्याला इथं आणलं होतं.

होडीवाले तात्या साठीच्या घरात असतील. आजोबांची जमीन धरणात गेली तेव्हापासून घर मासेमारीवर. डिझेलचं इंजिन लावलेली होडी धक्क्याला होती. धक्का म्हणजे चिखलात टाकलेल्या फरशा आणि एक बांबू. फरशांच्या कडेनं पाण्यावर तवंग होता. भाच्यानं काही न बोलता काडी माझ्या हातात दिली. मी ओढली. काडीच्या मागं रंगांचं वेटोळं फिरलं आणि तवंग पुन्हा एकसंध झाला, जशी काडी फिरलीच नव्हती.

“इंजनचं हाय ते,” तात्या म्हणाले. “आन् रातच्याला वाळूच्या बोटी येतात, त्येंचं लई आसतंय.”

तात्यांनी इंजिन न लावता वल्ह्यानं होडी काढली, पक्षी उडतील म्हणून. लांबून एक गुलाबी-पांढरी रेघ दिसत होती. जवळ गेल्यावर त्या रेघेची माना खाली घातलेली पाखरं झाली. रोहित चोच उलटी करून चिखल गाळतो. जिभेनं पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या जाळीतून बाहेर टाकायचं, आणि अडकलेल्या अळ्या, बारीक जीव गिळायचे. काल माझ्या ताटात होता तसा लाल किडा यांच्या आवडीचा. पाय नाचवून ते चिखल ढवळतात. शेकडो पाय एकदम चालत होते आणि त्याचा एक बारीक चुबुकचुबुक आवाज पाण्यावरून येत होता.

“इतकी पाखरं आहेत म्हणजे पाणी चांगलं असणार, असं लोक म्हणतात,” मी म्हटलं.

भाच्यानं इथं बागजानचं बोलायला सुरुवात केली. फोनवर त्यानं तुकड्या-तुकड्यानं सांगितलं होतं, सलग कधी नाही.

आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातलं बागजान. एका बाजूला दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला मागुरी-मोटापुंग बील. बील म्हणजे नदीनं सोडलेल्या सखल जागेत साचलेलं विस्तीर्ण उथळ पाणी. आपल्या या फुगवट्यासारखंच, फक्त तिथं धरण नाही, नदीच्या पुरानंच ते भरतं आणि धुतलं जातं. २७ मे २०२० ला तिथली पाच नंबरची वायूची विहीर उसळली. लॉकडाऊनचे दिवस. भाचा तेव्हा दुसऱ्या रिगवरून सुटून तिनसुकियात भाड्याच्या खोलीत अडकला होता.

“पहिले तेरा दिवस आग नव्हती मावशी. नुसता वायू आणि त्याच्याबरोबर कंडेन्सेट, म्हणजे पातळ, रॉकेलसारखं तेल. विमान उडायला निघालं की जसा आवाज होतो तसा, पण थांबतच नाही. तेलाचे थेंब वाऱ्यानं पसरून पावसासारखे पडत होते. केळीच्या पानांवर, सुपारीवर, चहाच्या मळ्यांवर, गवतावर. गवतावरचं सगळं पावसानं बिलात. पाण्यावर तवंग, तवंगात पांढरी पोटं वर करून मासे. एक डॉल्फिन मेलेली मिळाली. गंगेची डॉल्फिन, आपला राष्ट्रीय जलचर. ती मासा नाही, तुझ्यामाझ्यासारखा हवेत श्वास घेणारा जीव. श्वासाला वर येणार ती तवंगातच.”

९ जूनला विहिरीनं पेट घेतला. आग विझवणारे दोन जवान गेले, त्यांचे देह शेजारच्या पाणथळीत सापडले. हजारो माणसं छावण्यांत राहिली. वर पावसाळा, पूर. विहीर पूर्ण काबूत आली ती नोव्हेंबरच्या मध्यावर. साडेपाच महिने.

तात्या वल्हं धरून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, “मग मासा खाल्ला का लोकांनी?”

भाचा म्हणाला, सुरुवातीला काहींनी धरला, पण शिजवल्यावर घासलेटचा वास यायचा. ते तसंच होतं. तेलातले हलके अंश माशाच्या चरबीत जाऊन बसतात आणि किती मसाला घातला तरी वास जात नाही. बाजारात एकदा नाव खराब झालं की स्वच्छ पाण्यातल्या माशालाही गिऱ्हाईक राहत नाही. तात्यांनी मान हलवली. त्यांना हे सांगावं लागलं नाही.

“आणि मग २०२१ चा फेब्रुवारी,” भाचा पुढं म्हणाला. “त्याच बिलात मँडरिन बदक दिसलं. रंगांची नुसती उधळण असतं ते. आसामात शंभराहून जास्त वर्षांनी. देशभरातून कॅमेरे आले. सगळ्यांच्या फोनवर ते बदक. आणि जो तो म्हणायला लागला, चला, बील बरं झालं. बदक वर बसतं मावशी. मासा अंडी तळात घालतो.”

याच्यापुढचं सांगायचं काम माझं होतं, कारण ते माझ्या विषयातलं आहे. कच्च्या तेलात पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची संयुगं असतात. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं, त्यानंतर शास्त्रज्ञांनी ती माशांच्या अंड्यांवर वर्षानुवर्षं तपासली. मोठ्या माशाला काही न जाणवण्याइतकं कमी तेल अंड्यातल्या गर्भाचं हृदय बिघडवतं. हृदयाच्या पेशींतली कॅल्शियम आणि पोटॅशियमची ये-जा त्यानं अडते. ठोका चुकतो, हृदयाभोवती पाणी साचतं, कणा वाकडा होतो. पिल्लू बाहेर येतं, पण पोहण्याचा दम त्याच्यात नसतो. असं पिल्लू मरून वर तरंगत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी जातं. म्हणून मेलेले मासे मोजून हिशेब लागत नाही. दोन-तीन वर्षांनी जाळं हलकं लागतं तेव्हा तो लागतो.

आणि ऊन. या संयुगांतली काही अतिनील किरणांत कितीतरी पटींनी जास्त विषारी होतात. ज्या जिवाचं अंग पारदर्शक, त्याला जास्त धोका, कारण ऊन आरपार जातं. म्हणजे पुन्हा जलपिसू, पुन्हा माशाचं पिल्लू, बेडकाचं अंडं. उथळ पाण्यात, जिथं ती सगळी ऊब शोधत काठाला येतात तिथं. फेब्रुवारीतच सोलापूरचं ऊन मानेला चावत होतं. मी होडीच्या कडेनं खाली पाहिलं. गुडघाभर पाणी, तळाचा प्रत्येक शिंपला दिसत होता.

“समुद्रात लाटा तेल फोडतात, पसरवतात,” भाचा म्हणाला. “नदी पुढं नेते. थांबलेलं पाणी कुठं नेणार? तेल गाळाला चिकटतं आणि खाली बसतं. तेल खाणारे जिवाणू असतात, पण त्यांना ऑक्सिजन लागतो. चिखलात वरच्या बोटभर थराखाली ऑक्सिजन नसतो. मग ते तिथं तसंच. साफ करायला माणसं घातली तर त्यांच्या पायांनी आणखी खोल जातं.”

नायजेरियातल्या ओगोनीलँडचं मला आठवलं. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातली पाणथळ, तिथं दशकानुदशकं तेल गळत राहिलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानं २०११ मध्ये अहवाल दिला : एका गावाच्या पिण्याच्या विहिरींत बेंझीन, आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशे पट. तो प्रदेश पूर्ववत व्हायला पंचवीस ते तीस वर्षं लागतील, तीही सगळी कामं धडाक्यानं केली तर. तीस वर्षं म्हणजे तात्यांच्या मुलाचं कमावतं आयुष्य.

परतताना तात्यांनी त्यांचं सांगितलं. पूर्वी मरळ, वाम, शिंगटा. आता जाळ्यात चिलापी, आणि तो काटेरी कातडीचा सकर मासा, जो कुणी विकत घेत नाही आणि जाळी फाडतो. “चिलापी कुठंबी जगती. घाण असू दे, गाळ असू दे. मरळीला पाणी लागतं.” यातलं तेलामुळं किती, मैल्यामुळं किती, सकरमुळं किती, हे वेगळं काढता येत नाही, आणि मला ते एकाच्या गळ्यात घालायचंही नाही. इथं तेलाची विहीर नाही. दख्खनचा कातळ आहे, तेल निघायचं नाही. पण जाळ्याकडे बघून पाणी ओळखणारा माणूस इथं आहे, तसे तिथल्या बिलावरही असणार. बदक पाहायला आलेल्यांनी त्यांना विचारलं होतं का, हे मी भाच्याला विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही.

धक्क्यावर उतरल्यावर त्यानं लोणच्याची रिकामी बरणी मागितली. माझ्या पिशवीत पाण्यासाठी होतीच. पाण्यावरचा तवंग त्यानं जुन्या वर्तमानपत्रानं टिपून बाजूला केला, मग कोपरापर्यंत हात घालून फरशांच्या खालचा चिखल काढला आणि बरणी निम्मी भरली. चिखल काळा होता, सडक्या अंड्याचा वास, आणि त्याच्यामागं अगदी पुसट, पंपाशेजारी येतो तसा वास. तात्यांच्या घरी चुलीवरची भाकरी आणि चिलापीचं कालवण जेवलो. त्यांच्या सुनेनं, “ताई, आमच्या माशाला वास न्हाय बरं का,” असं म्हणत आणखी एक तुकडा वाढला. खरोखरच नव्हता.

रविवार : घरी

दिवसभर कुठं गेलो नाही. बहिणीचा फोन आला, शेजारणी येऊन गेल्या. भाच्यानं दुपारी झोप काढली.

बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती. वर माठातलं पाणी भरलं होतं, ते रात्रीतून निवळलं. सकाळी सूर्य त्या बाजूला आला तेव्हा पाणी इतकं नितळ होतं की पलीकडची तुळस दिसत होती. सोसायटीतली दोन मुलं आली. मी त्यांना विचारलं, पाणी कसं आहे? स्वच्छ, दोघं एका सुरात म्हणाली. भाच्यानं चमच्याच्या दांड्यानं तळ हळूच ढवळला. चिखल उठला, पुन्हा बसायला लागला, आणि पाण्यावर आधी टाचणीच्या डोक्याएवढे, मग वाढत जाणारे, एकमेकांत मिसळणारे रंगीत गोल आले. मुलांनी तोंडाचा आ केला. मी त्यांना काडी दिली आणि दोन्ही तवंगांतला फरक सांगितला. निदान या दोघांना तरी बरोबर सांगितला.

रात्री त्याला स्टेशनवर सोडलं. पिशवीत शेंगाचटणीची दोन पाकिटं. गाडी यायला वेळ होता. बाकावर बसून तो म्हणाला की पुढच्या पाळीला एक ताट आणि एक भिंग रिगवर घेऊन जाईन. रिगच्या शेजारून एक ओढा वाहतो, त्यात जाळी फिरवून पाहीन. “मड केमिस्टचं ते काम नाही, पण ओढ्यावर जायला कुणी अडवत नाही.” मी त्याला माझंच भिंग दिलं.

आज तीन आठवडे झाले. दर रविवारी मी बरणीतलं वरचं पाणी सावकाश बाहेर ओतते आणि ताजं भरते. आज चौथं पाणी. नितळ झालं तसा तळ ढवळला. रंगीत गोल वर आले, पहिल्यापेक्षा लहान, पण आले. काडी ओढली. तवंग काडीच्या मागं पुन्हा मिटला.